देवमाशाच्या मांसातील शिदोरी

कामगार चळवळीतल्या माणसाने ह्या व्यासपीठावर उभे राहून देवमाशावर बोलावे, ह्याचे काही जणांना नवल वाटेल. चाकणपासून समुद्र दूर. मध्ये सबंध सह्याद्री आडवा पडलेला. आमच्या गावाची ओळख कांद्याच्या बाजाराने, संग्रामदुर्गाने आणि अलीकडे मोटारींच्या कारखान्यांनी. तरीही हा विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. श्वास कोंडला म्हणजे जिवंत देहाचे काय होते, हा प्रश्न ह्या पट्ट्यातील कामगाराच्या जिवाशी थेट जाऊन भिडतो. आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर ज्या प्राण्यांनी शास्त्रज्ञांना दिले ते समुद्रात राहतात. तेव्हा थोडा वेळ घाट उतरणे भाग आहे.

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा एक निळा देवमासा जिवंत वाहून आला. लोकांनी त्याला पुन्हा पाण्यात लोटण्याची खटपट केली. पण काही तासांतच ते जनावर मरण पावले. बातमी वाचून आमच्याकडे पुष्कळांनी एकच उद्गार काढला, मासा पाण्याबाहेर पडला, मग मरायचाच. हा उद्गार चुकीचा आहे, आणि चुकीचा का आहे हे सांगण्यातच आजचा निम्मा विषय येतो. देवमासा हा मासाच नव्हे. तो गाईम्हशीसारखा सस्तन प्राणी आहे. पिल्लाला दूध पाजतो, त्याचे रक्त ऊन असते आणि तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी हवा घेतो. त्याला कल्ले नाहीत. वाळूवर पडलेल्या देवमाशाच्या भोवती हवाच हवा असते. श्वासावाचून तो तेथे मरत नाही. तो कशाने मरतो ते पुढे येईलच. आधी उलटा प्रश्न घेऊ. हवेवर जगणारा हा प्राणी पाण्याखाली तासभर राहतो कसा?

हे प्राणी आमच्या महाराष्ट्राला परके नाहीत. रेवदंड्याची घटना घडली त्याच वर्षी सिंधुदुर्गात कुणकेश्वरनजीकच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद अभ्यासकांनी केली. मालवण, दापोली ह्या बाजूंना डॉल्फिन तर होडीतून सहज दिसतात, आणि डॉल्फिन हेही देवमाशाच्याच कुळातले. किंबहुना ह्या कुळाचा उगमच आपल्या उपखंडातला. जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या परिसरात ‘इंडोह्यूस’ नावाच्या एका लहानशा खुरवाल्या प्राण्याचे अवशेष सापडले. सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा हा प्राणी मांजरापेक्षा फारसा मोठा नसावा. २००७ मध्ये त्याच्या कानाच्या हाडाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि देवमाशांचा हा जवळचा भाऊबंद असल्याचे ठरले. त्याची हाडे जड होती. म्हणजे तो पाण्यात उतरून तळाशी चालत असला पाहिजे. अशा एका चतुष्पादाच्या भावकीतून पुढे जगातले सर्वांत मोठे जनावर निपजले.

आता सर्वसामान्य माणसाची कल्पना अशी की, देवमाशाची फुप्फुसे प्रचंड असतील, तो छाती भरभरून हवा घेत असेल आणि ती पुरवून पुरवून वापरत असेल. गावच्या विहिरीत मुले बुडी मारताना हेच करतात. परंतु खरा प्रकार निराळा आहे. देहाच्या मानाने पाहता मोठ्या देवमाशाची फुप्फुसे आपल्यापेक्षा मोठी नसतात, आणि कित्येक जातींचे सील तर बुडण्यापूर्वी हवा बाहेर सोडून देतात. ह्यात शहाणपण आहे. खोल पाण्यात दाब इतका वाढतो की, फुप्फुसांतली हवा चेपली जाते. ती रक्तात मिसळत राहिली, तर तिच्यातला नत्रवायू रक्तात विरघळून वर येताना त्याचे बुडबुडे होतील. पाणबुड्यांना जडणारा जीवघेणा रोग तो हाच. म्हणून ह्या प्राण्यांची फुप्फुसे खोलीवर मिटून जातात आणि हवा श्वासनलिकेच्या कडक भागात जाऊन बसते. थोडक्यात, ज्या गुदामावर आपला भरवसा, ते त्यांनी जवळजवळ मोडीतच काढले आहे.

मग माल ठेवला कोठे? आकडेच सांगतो. माणसाच्या देहात किलोमागे सुमारे २० मिलिलिटर प्राणवायूचा साठा असतो, आणि त्यातला मोठा वाटा फुप्फुसांत. दक्षिण ध्रुवाकडील बर्फात राहणाऱ्या वेडेल सीलच्या देहात तो किलोमागे ८५ ते ९० मिलिलिटर असतो. त्यातला जेमतेम विसावा हिस्सा फुप्फुसांत. सुमारे दोनतृतीयांश रक्तात. आणि उरलेला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाला थोडा कमी, मांसात, स्नायूंमध्ये. रक्ताचा हिशेब समजायला अवघड नाही. सीलमध्ये रक्तच पुष्कळ असते, त्यात तांबड्या पेशी दाट असतात, आणि पानथरीत जादा पेशी राखून ठेवलेल्या असतात. बुडी मारली की त्या रक्तात सोडल्या जातात. स्नायूंतील साठ्याची गोष्ट मात्र निराळी, आणि आमच्या मते फार सुंदर आहे.

आपण खाटकाकडून मटण आणतो तेव्हा पिशवीत तांबडे पाणी साचते. त्याला आपण रक्त म्हणतो. वस्तुतः रक्त तर जनावर कापतानाच वाहून गेलेले असते. ते तांबडे पाणी बहुतांशी स्नायूंमधल्या एका द्रव्याचे, त्याचे नाव मायोग्लोबिन. कोंबडीच्या छातीचे मांस पांढरे आणि तंगडीचे काळपट का, ह्याचेही उत्तर त्यात आहे. कोंबडी दिवसभर पायांनी चालते, उकरते. पंख क्वचितच फडफडवते. ज्या स्नायूला सतत राबावे लागते त्यात मायोग्लोबिन अधिक, म्हणून रंग गडद. देवमाशाचे मांस तर जवळजवळ काळे दिसते. माणसाच्या १०० ग्रॅम स्नायूत अर्धा ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक मायोग्लोबिन असते. वेडेल सीलमध्ये किंवा स्पर्म व्हेल ह्या दातांच्या देवमाशामध्ये ते ५ ग्रॅमच्या पुढे जाते.

ह्या द्रव्याच्या प्रत्येक कणात लोहाचा एक अणू असतो आणि तो प्राणवायूला धरून ठेवतो. रक्तातले हिमोग्लोबिन हे त्याचे भावंड. त्याच्यात लोहाचे चार अणू. दोघांच्या कामात फरक कोणता, हे आमच्या कारखान्यांतल्या माणसाला चटकन समजेल. हिमोग्लोबिन ही मुख्य स्टोअरमधून माल घेऊन फिरणारी ट्रॉली. मायोग्लोबिन हा मशीनशेजारी ठेवलेला सुट्या भागांचा डबा. ट्रॉली वेळेवर येत आहे तोवर डब्याला कोणी हात लावत नाही. ट्रॉली थांबली की डब्यावर काम चालते, आणि किती वेळ चालते हे डब्याच्या आकारावर अवलंबून.

आता हिशेब करून पाहू. एक ग्रॅम मायोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरते. म्हणजे सीलच्या एक किलो मांसात साधारण ७० मिलिलिटर; माणसाच्या एक किलो मांसात फार तर ८. आणि माणसाचा स्नायू अंगमेहनतीचे भारी काम करताना किलोमागे दर मिनिटाला १०० मिलिलिटरांहून अधिक प्राणवायू खातो. म्हणजे रक्ताची ट्रॉली थांबली तर आपला डबा पाच सेकंदांत रिकामा. पाच सेकंद! हा आकडा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

मायोग्लोबिनचा दुसरा गुण म्हणजे त्याची घट्ट मूठ. हिमोग्लोबिन आपला प्राणवायू बऱ्यापैकी सहज सोडते. सभोवारचा प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या २७ मिलिमीटरांच्या आसपास आला की, त्याने निम्मा माल उतरवलेला असतो. मायोग्लोबिनची मूठ निम्मी उघडायला तो दाब दोनतीन मिलिमीटरांपर्यंत उतरावा लागतो. म्हणून रक्त स्नायूतून गेले की, मायोग्लोबिन त्याच्याकडून प्राणवायू ओढून घेते, आणि परत देण्याचे नाव घेत नाही. एरवी ही सोयच आहे. पण बुडी मारलेल्या प्राण्याच्या दृष्टीने ह्यात मोठा धोका दडला आहे. रक्तातला साठा मर्यादित. त्याच्यावर मेंदूला जगायचे. मेंदूजवळ स्वतःचा डबा नाही. अशा वेळी शेकडो किलो भुकेले मांस रक्तातून प्राणवायू उपसू लागले, तर मेंदू उपाशी मरेल.

हे समजून घ्यायला आम्हां चाकणकरांना लांब जायला नको. १६६० मध्ये शाएस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा दिला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी किल्ला सुमारे ५५ दिवस झुंजवला. वेढा पडल्यावर बाहेरून काही येत नाही. जे आत आहे त्यावरच दिवस काढायचे, आणि कोणत्या कोठाराचा माल कोणाला द्यायचा हे ठरवावे लागते. बुडी मारणारा सील दर वेळी स्वतःला असाच वेढा घालून घेतो. तो काय करतो? स्नायूंकडे जाणाऱ्या धमन्यांचे दरवाजे आवळतो. स्नायूंना सांगतो की, तुमची शिदोरी तुमच्याजवळ बांधून दिली आहे, तिच्यावर भागवा. रक्ताचे कोठार मेंदूसाठी राखीव.

दरवाजे आवळल्यावर हृदयाला पूर्वीइतके रक्त ढकलण्याचे कारण उरत नाही; म्हणून ते आपले ठोके कमी करते. बुडणाऱ्या बदकाचे ठोके मंदावतात हे फ्रान्सचे पॉल बेर ह्यांनी १८७० मध्येच नोंदवले होते. २०१९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी निळ्या देवमाशाच्या अंगावर चोषकांनी यंत्र चिकटवून त्याचे ठोके मोजल्याचे प्रसिद्ध केले. पृष्ठभागावर श्वास घेताना मिनिटाला २५ ते ३७; बुडीत बहुधा ४ ते ८, आणि एका वेळी तर अवघे २. आमच्या वाचनात एवढी धीम्या चालीची दुसरी कुठलीही यंत्रणा आली नाही.

ही सगळी व्यवस्था पद्धतशीर मांडली ती नॉर्वेचे पेर शोलांडर ह्यांनी, १९४० मध्ये. त्यांनी सीलला फळीवर बांधून पाण्याखाली धरले आणि रक्त तपासले. बुडीत असताना रक्तात लॅक्टिक आम्ल फारसे दिसेना. वर काढल्यावर मात्र त्याचा लोंढा आला. अर्थ उघड होता. शिदोरी संपल्यावर स्नायू प्राणवायूवाचूनच काम ओढतात. त्यातून हे आम्ल तयार होते, ते दरवाजामागे कोंडून राहते आणि दरवाजा उघडताच रक्तात उतरते. ही एक प्रकारची उचल आहे. पगार नाही म्हणून माणूस सावकाराकडून उचल घेतो, त्या दिवशी चूल पेटते. पण फेड चुकत नाही. भारी ओझे जिन्याने वर नेऊन ठेवल्यावर आपण पाच मिनिटे धापा टाकतो, ती अशीच फेड असते.

शोलांडर ह्यांचे काम थोर, ह्यात शंका नाही. परंतु त्यांच्या सीलला बांधून बुडवले होते. पुन्हा वर येऊ देतील की नाही हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हते, म्हणून त्याने सगळे दरवाजे गच्च लावून घेतले. स्वतःच्या मर्जीने बुडणारा सील असेच वागतो काय? ह्याचा शोध १९६० नंतरच्या वर्षांत अमेरिकेचे जेरल्ड कूयमन ह्यांनी दक्षिण ध्रुवखंडातील मॅकमर्डो येथे घेतला. तेथे समुद्रावर जाड बर्फ असते. इतर भोके जवळपास नाहीत अशा ठिकाणी त्यांनी बर्फाला भोक पाडले, वेडेल सीलच्या पाठीवर वेळ आणि खोली नोंदणारे यंत्र बसवले आणि त्याला मोकळे सोडले. सील हवे तेथे जाई, हवा तेवढा वेळ राही, आणि श्वासासाठी त्याच भोकाशी परत येई. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्ताच्या तपासण्यांत असे निघाले की, सुमारे २० मिनिटांच्या आतल्या बुडीनंतर लॅक्टिक आम्ल वाढतच नाही. त्यापुढे गेल्यास ते झपाट्याने चढते. आणि मोकळ्या सीलच्या बुड्यांपैकी बहुसंख्य बुड्या ह्या मर्यादेच्या आतल्याच होत्या. तो तासभर राहू शकतो; पण राहत नाही.

येथे आम्हांस थोडे रेंगाळावेसे वाटते. पाऊण तासाची एक बुडी मारलेल्या सीलला पुढे तासाहून अधिक वेळ बर्फावर पडून राहावे लागते, तेव्हा कोठे रक्त साफ होते. तोच सील पंधरापंधरा मिनिटांच्या बुड्या मारतो तेव्हा मध्ये चारपाच मिनिटे श्वास घेऊन लगेच पुन्हा खाली जातो. दिवसभराचा हिशेब केला, तर लहान बुड्यांनी पाण्याखालचा, म्हणजे मासे पकडण्याचा, एकूण वेळ अधिक भरतो. लागोपाठ दोन पाळ्या ओढून घेणाऱ्या कारखानदारांशी बोलताना आम्ही ह्या सीलचा दाखला एकदोनदा दिला आहे. त्यांना तो आवडला नाही. माणसाची ताकद घड्याळ हातात धरून आणि डोक्यावर उभे राहून मोजली, तर एक आकडा येतो. मोकळ्या माणसाचा आकडा दुसरा असतो, आणि त्या दोन आकड्यांतला फरक समजायला शास्त्राला चाळीस वर्षे लागली.

पुढे १९९० नंतर सीलच्या स्नायूवर प्रकाशाचे यंत्र बसवून मायोग्लोबिनमधला प्राणवायू बुडी चालू असतानाच मोजण्यात आला. तो हळूहळू उतरत जातो. परंतु साध्या बुडीत डबा तळापर्यंत रिकामा होत नाही. कारण सील काटकसरी आहे. खोल गेल्यावर फुप्फुसे चेपली की देह पाण्याहून जड होतो. मग तो पोहण्याची हालचाल थांबवून नुसता घरंगळत खाली जातो. उताराला सायकलवाला पायडल मारत नाही, तसेच हे. सर्वांत लांब बुडीचा मान मात्र सीलकडे नाही. कुव्हिएच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चोचदार देवमाशाची एक बुडी ३ तास ४२ मिनिटांची निघाली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच जातीचा एक देवमासा २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद त्यापूर्वीची, २०१४ मधली.

मायोग्लोबिनचा मानवी विद्येवरही एक मोठा उपकार आहे. प्रथिनाच्या कणाचा आकार प्रत्यक्ष कसा असतो हे मानवाने प्रथम पाहिले ते ह्याच द्रव्यात. केंब्रिजचे जॉन केंड्रू ह्यांनी आधी घोड्याचे मायोग्लोबिन घेतले. पण त्याचे स्फटिक फार बारीक निघत. मग ते स्पर्म व्हेलकडे वळले, कारण त्याच्या मांसात हे द्रव्य मुबलक आणि स्फटिकही मोठाले. क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५८ मध्ये पहिला ढोबळ आकार प्रसिद्ध झाला. त्याची प्रतिकृती आतड्याच्या वेटोळ्यासारखी दिसे, आणि एवढे ओबडधोबड काही निघेल असे कोणालाच वाटले नव्हते. १९६२ मध्ये केंड्रू आणि हिमोग्लोबिनवर काम करणारे माक्स पेरूट्झ ह्यांना मिळून रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत आम्हांला त्या वेटोळ्याचे चित्र प्रथम दिसले, आणि बराच वेळ आम्ही ते छापखान्याची चूक समजून उलटेसुलटे करून पाहत होतो.

त्यानंतरही एक कोडे उरले होते. प्रथिनांची एका जागी फार दाटी झाली, तर ती एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते ते असल्याच चिकटण्याने. मग देवमाशाच्या स्नायूत दहापट मायोग्लोबिन कोंबलेले असूनही ते गोठत का नाही? २०१३ मध्ये लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी ह्याचे उत्तर दिले. बुडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या कणावर धन विद्युतभार अधिक असतो, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. तळेगाव चौकातल्या सकाळच्या गर्दीत प्रत्येकाने आपापले कोपर थोडे बाहेर काढून चालावे, म्हणजे दाटी होऊनही चेंगराचेंगरी होत नाही, तसे म्हणा. देवमासे आणि सील ह्या वेगवेगळ्या कुळांत हा बदल वेगवेगळ्या वेळी, परस्परांशी संबंध नसताना घडला. एवढेच नव्हे, तर आजच्या वंशजांवरून पूर्वजांच्या मायोग्लोबिनवरचा भार अजमावून, केव्हाच नामशेष झालेले प्राणी किती वेळ बुडी मारत असतील, ह्याचाही अंदाज त्यांनी बांधला.

ही शिदोरी जन्मतः बांधून मिळत नाही. डॉल्फिनच्या पिल्लाच्या स्नायूत आईच्या मानाने मायोग्लोबिन फार थोडे असते. बाटलीनाक्या डॉल्फिनमध्ये ते भरून यायला दीड ते तीन वर्षे लागतात. तोवर पिल्लाला थोड्याथोड्या वेळाने वर यावेच लागते, आणि आईलाही आपली बुडी त्याच्या बेताने आखडती घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू रुतले होते. माणसांनी दोन दिवस झटून त्याला ओढून समुद्रात नेले. तरी ते वाचले नाही. असे पिल्लू आईपासून तुटले, तर त्याच्याजवळ दूध नाही, ताकद नाही आणि श्वास लांबवण्याची पुंजीही नाही.

आता रेवदंड्याकडे परत येऊ. पाण्यात असताना देवमाशाचे वजन पाणी तोलून धरते. वाळूवर ते सगळे त्याच्याच छातीवर आणि मांसावर येते. जाड चरबीमुळे देहातली उष्णता बाहेर पडत नाही. आणि तिसरी गोष्ट आमच्या विषयातली. चिरडलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन रक्तात सांडते. जे द्रव्य स्नायूच्या आत जीव तगवून धरते, तेच मूत्रपिंडात जाऊन बसले की त्याची चाळण बंद पाडते. किनाऱ्यावर जिवंत लागलेल्या देवमाशांच्या शवांत अभ्यासकांना अशी बिघडलेली मूत्रपिंडे आढळली आहेत.

आणि माणसातही हेच होते. १९४१ मध्ये, लंडनवर बाँबवर्षाव चालला असता, एरिक बायवॉटर्स ह्या डॉक्टरांनी एक चमत्कारिक मृत्यू पुन्हापुन्हा पाहिला. ढिगाऱ्याखाली पाय तासन्‌तास दबलेला माणूस बाहेर काढला जाई, बोले, चहा पिई; मग त्याची लघवी काळपट होऊन थांबे आणि आठवड्याभरात तो दगावे. कारण निघाले दबलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन. आमच्याकडे प्रेसखाली, पडलेल्या साच्याखाली, उलटलेल्या फोर्कलिफ्टखाली हातपाय सापडण्याचे प्रकार घडतात. हाड मोडले नाही म्हणून मलमपट्टी करून माणसाला घरी धाडलेले आम्ही पाहिले आहे. अवयव किती वेळ दाबाखाली होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तासभरही वाट पाहू नये. वेळेवर शिरेतून भरपूर द्रव दिला, तर मूत्रपिंड वाचू शकते.

शेवटी तो पाच सेकंदांचा आकडा. सांडपाण्याच्या टाकीत, रसायनाच्या हौदात, खोल चेंबरमध्ये उतरायचे असते तेव्हा कोणी म्हणतो, “एक मिनिटाचे काम आहे, दम धरून जाऊन येतो.” हा धाडसी माणूस स्वतःला देवमासा समजत असतो. त्याच्या मांसात शिदोरी नाही. शिडी उतरणे, वाकणे, झडप पिळणे ह्या कामात त्याचे स्नायू रक्तातला साठा भराभर ओढतात. शिवाय श्वास घेण्याची ओढ आपल्याला लागते ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर कार्बन डाय-ऑक्साइड साचल्याने. ती ओढ अर्ध्या मिनिटातच अनावर होते आणि तो तेथेच श्वास घेतो. त्या हवेत प्राणवायू नसेल, तर गोष्ट दम कोंडण्याहून वाईट होते. प्राणवायू जेथे जास्त तेथून कमी तिकडे जातो, म्हणून रक्तात असलेला प्राणवायूही फुप्फुसांतून उलट बाहेर निघून जातो. दहापंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. ओरडायलाही सवड मिळत नाही. तेथे विषारी वायू असेल, तर त्याचा परिणाम वेगळाच. मग वरचा सोबती त्याला काढायला उतरतो, आणि त्याच्या मागून तिसरा. एकाच टाकीत दोघेतिघे जातात ते असे. अशा घरांच्या उंबऱ्यांवर आम्ही बसलो आहोत.

नदीवर पोहणाऱ्या मुलांचेही थोडे सांगितले पाहिजे. बुडी लांबवण्यासाठी काही मुले आधी भराभर दहावीस श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. मात्र कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवली जाते. मुलगा पाण्याखाली आनंदात असतो आणि घुसमट जाणवण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. भामा असो की इंद्रायणी, इंद्रायणीच्या डोहात चांगला पट्टीचा पोहणारा बुडाल्याचे ऐकून लोक हळहळतात, त्यांतल्या काही मृत्यूंचे मूळ येथे असू शकते.

टाकीत उतरण्याबद्दल १९४८ च्या कारखाने कायद्यात ३६ वे कलम होते. आतले वायू शक्य त्या सर्व उपायांनी काढून टाकल्यावाचून कोणासही आत जाऊ देऊ नये. त्यानंतरही, एक तर जाणत्या माणसाने स्वतः चाचणी करून जागा निर्धोक असल्याचे लेखी द्यावे. नाही तर उतरणाऱ्याने श्वसनाचे योग्य साधन लावावे, कमरेला पट्टा बांधावा, पट्ट्याला दोर पक्का जोडावा, आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे, असे त्या कलमात लिहिले होते.